नुसतं बघा, घेऊ नका

राजारामपुरीच्या आमच्या गल्लीत
दुपारी अडीचला कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत,
तेव्हा तो यायचा.
टाय. मे महिन्यात टाय.
सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची ट्रंक,
बांधून बांधून कोपरे चेपलेली.
"मी भूपाल बेडकिहाळे, निपाणीकडचा,"
असं सांगायचा, जणू आपणच त्याला विसरलो होतो.

आई म्हणायची, "आमचं केरसुणीवर भागतंय की."
तो म्हणायचा, "नुसतं बघा, वहिनी. घेऊ नका."
आणि पाणी मागायचा.
पाणी मागणाऱ्याला हाकलता येत नाही
हे त्याला कंपनीनं शिकवलं असेल.
किंवा तहान खरी असेल.

बुधवारी आला. पुढच्या बुधवारी आला.
एकदा आईनं आतून कडी घालून
माझ्याकडून वदवून घेतलं, घरात कुणी नाही.
"बरं," तो बाहेरून म्हणाला,
"मग तुलाच दाखवतो."

सातवी खेप असेल, नाहीतर आठवी.
आईचे हात पिठात. दार मी उघडलं.
तो थेट आण्णांच्या कॉटपाशी गेला,
सोंडेच्या आत पांढरा रुमाल अडकवला,
बटण दाबलं.
पलीकडच्या हुक्केरीकाकू धावत आल्या,
त्यांना वाटलं स्टोव्ह भडकला.

रुमाल बाहेर काढला तर काळा.
आमच्या अंगणातली तांबूस धूळ नव्हे,
काजळासारखी बारीक,
आणि खिडकीकडे धरली की लुकलुकणारी.

पुढचं भाषण त्याला पाठ होतं.
(मला पण झालं होतं: दमा, किडे, लहान मुलांची छाती.)
ते त्यानं केलं नाही.
"साहेब कुठं असतात कामाला?"
"उद्यमनगरात. फाउंड्रीत."
रुमालाची घडी घालावी की नको
अशा बेतानं तो उभाच राहिला.
आई हात धूत होती. बराच वेळ धूत होती.
मग मोरीतूनच तिनं विचारलं,
"हप्ता कितीचा?"

चोवीस हप्ते, पंच्याऐंशी रुपयांचे.
आण्णा हसले, "गादी दीडशेची
आणि झाडायला हत्ती!"
हसता हसता खोकले.
तेव्हापासून घरात त्याचं नाव हत्ती.
दर रविवारी आई गादी उलटी करायची,
पिशवी मागच्या कर्दळीत झटकायची.
कर्दळीनं तक्रार केली नाही.

हप्ते न्यायला तोच यायचा.
दिवाळीपर्यंत टाय गेला,
पुढच्या उन्हाळ्यात सायकलची घंटी.
चोविसावा हप्ता फिटला
त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा दारात.
"आता काय विकताय?"
"काही नाही. पाणी."
मग कधीच आला नाही.

हत्ती गल्लीभर फिरला.
गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे दाणे त्यानं गिळले,
नळी उलटी लावून
मावसबहिणीच्या लग्नात चूल फुंकली,
तांबड्या रश्श्याला उकळी त्याच्यामुळंच आली
असं मामा अजून शपथेवर सांगतात.
मग एका रविवारी जळका वास आला.
लक्ष्मीपुरीतला मेकॅनिक म्हणाला,
याचा पार्ट येत नाही, चाळीस रुपये देतो.
आईनं रिक्षा करून तो परत आणला.
आण्णा त्यानंतर दोन वर्षं होते.

परवा भंगारवाला बोलावला.
कूलर गेला, मोडका मिक्सर गेला.
हत्तीपाशी येऊन आई म्हणाली,
"मोटर ने, सोंड ने, सगळं ने.
पिशवी ऱ्हाऊ दे."

त्या रविवारची पिशवी
झटकायची राहूनच गेली होती.
मी उचलून पाहिली.
ओंजळभर रव्याएवढं वजन असेल.
तोंडाची चिमटी गंजून गच्च बसलेली,
मी ती सोडवायला गेलो नाही.

तेवढ्यात दारात कुरिअरवाला पोरगा,
घामानं भिजलेला,
चुकीच्या घरी आला होता.
अडीच वाजले होते.
आई आतून म्हणाली,
"जाऊ दे नको तसाच. पाणी विचार त्याला."